आधारगटात देवाचं नाव घ्यावं का?

मानसिक आजारांसाठीच्या ऑनलाइन आधारगटांबद्दल या सदरात मागे लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: गटात श्रद्धेबद्दल बोलायचं की नाही, आणि बोललं तर कसं. काही पत्रं रागानं लिहिलेली आहेत, काही भीतीनं. त्यांतली चार घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. (नव्या वाचकांसाठी: आपल्याकडच्या आधारगटांत आजार असलेल्या व्यक्तीला शुभार्थी आणि तिला सांभाळणाऱ्यांना शुभंकर म्हणतात.)

प्रश्न : माझा मुलगा बायपोलरचा (कधी टोकाचा उत्साह, कधी खोल नैराश्य आणणाऱ्या आजाराचा) शुभार्थी आहे. लॉकडाऊनमध्ये आम्ही काही शुभंकरांनी व्हॉट्सॲपवर गट सुरू केला, मी त्याची ॲडमिन. गेल्या महिन्यात एका मुलीनं लिहिलं, की संध्याकाळी दिवा लावून स्तोत्र म्हटलं की तिची धडधड कमी होते. लगेच एकानं लिहिलं, ‘इथे अंधश्रद्धा नको.’ मग नुसती जुंपली. त्याच सुमारास एक मुस्लिम ताई काही न बोलता गटातून बाहेर पडल्या. रोज सकाळी येणाऱ्या देवांच्या फोटोंमुळे असावं असं वाटतं. आता निम्मे लोक म्हणतात, धर्माचा विषयच बंद करा. करावा का?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, बंद करू नका.

(नव्या वाचकांसाठी: आपल्याकडच्या आधारगटांत आजार असलेल्या व्यक्तीला शुभार्थी आणि तिला सांभाळणाऱ्यांना शुभंकर म्हणतात.)

त्या मुलीनं काय लिहिलं होतं ते एकदा शांतपणे वाचा. ती म्हणत होती, मी म्हणते आणि मला बरं वाटतं. दुसऱ्या कुणाला म्हणायला सांगितलं नाही, गोळ्या सोडा असं तर नाहीच नाही. आणि तिला बरं वाटतं यात नवल काहीच नाही. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांनी एक छोटा अभ्यास छापला होता. कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येते आणि हृदयाची लयही सुधारते, असं त्यांना दिसलं. स्तोत्र म्हणताना तिचाही श्वास असाच लांबत असेल. शिवाय लहानपणापासून कानावर पडलेली लय, दिव्याचा उजेड, घरातली ठरलेली वेळ, हे सगळं असतंच. तिच्यासाठी त्यात देवही आहे. तो तिच्यापासून काढून घ्यायचा अधिकार गटाला नाही.

बंदी घातली की विषय संपत नाही, तो खासगी मेसेजमध्ये जातो. इतकी वर्षं मनोविकार सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करताना पाहिलंय, की ताईत, अंगारा, ‘आमच्या बाबांचा एकदा अनुभव घ्या’ विकणारी माणसं गटात कधी वाद घालत नाहीत. ती रात्री शुभंकराला एकटं गाठतात. उघड बोलणं बंद असलेल्या गटात त्यांचं फावतं. दुसरं असं, की ‘मागच्या जन्मीचं पाप फेडतोय’, ‘कुणीतरी करणी केली’, ‘नवस राहिला म्हणून हे झालं’ हे आपल्या घराघरांत मनात असतं. शुभार्थी ते डॉक्टरांना सांगत नाही, कारण दहा मिनिटांत झोप आणि गोळ्या एवढंच विचारून होतं. गटातही बोलायचं नाही म्हटल्यावर तो बोलणार कुठे?

मानसोपचारशास्त्रानंही या बाबतीत आपली भूमिका बदलली आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी वेगळी नोंद आली, आणि ती आजार म्हणून नाही. जागतिक मानसोपचार संघटनेचं २०१६ साली प्रसिद्ध झालेलं निवेदन सांगतं, की डॉक्टरांनी रुग्णाच्या श्रद्धेची आपणहून विचारपूस करावी, मात्र स्वतःची श्रद्धा किंवा अश्रद्धा त्याच्यावर लादू नये. डॉक्टरांनी जे विचारायचं, ते आपण गटात बोलू द्यायचं नाही, हे काही बरोबर नाही.

मात्र तुमच्या गटात ‘धर्म’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतायत, त्या निवडायला हव्यात.

कुणाचा स्वतःचा अनुभव असेल तर येऊ द्या. मी गटांना एक साधा नियम सांगते: ‘मी’नं सुरू होणारं वाक्य चालेल, ‘तुम्ही’नं सुरू होणारं नाही. ‘मी स्तोत्र म्हणते’ चालेल. ‘तुम्ही म्हणा, फरक पडेल’ नाही. ‘माझा देवावर विश्वास नाही, मला डोंगरात चालल्यावर बरं वाटतं’ हेही चालेल. ‘तुमची अंधश्रद्धा’ हे वाक्यही ‘तुम्ही’चंच आहे, हे त्या दादांना सांगा. ही पद्धत माझी नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांत माणसं आपापला अनुभव सांगतात, दुसऱ्याला उपदेश करत नाहीत. त्यांच्या बारा पायऱ्या १९३९ साली छापल्या गेल्या तेव्हा ‘ईश्वर’ या शब्दाला ‘आम्हाला जसा उमजला तसा’ अशी जोड दिली गेली, कारण त्यांच्यातही देव न मानणारे होते. त्या चार शब्दांमुळे कितीतरी नास्तिक माणसं त्या खोलीत बसू शकली.

फॉरवर्ड मात्र सरसकट बंद करा, मग तो कुठल्याही धर्माचा असो. सकाळी सहाला येणारा देवाचा फोटो कुणाचाच अनुभव नसतो. आणि त्याखालच्या ओळी वाटतात तितक्या निरुपद्रवी नसतात. एका गटात ‘देव आपल्या लाडक्या भक्तांचीच परीक्षा घेतो’ अशी ओळ आली होती, मागे समई आणि झेंडूची फुलं. सात-आठ जणांनी हात जोडले. खूप खोल नैराश्यात असलेल्या एका गृहस्थांनी त्याखाली लिहिलं, ‘मग मी नापास.’ एवढंच. त्यावर पुन्हा कुणीतरी हात जोडले.

त्या दोन शब्दांवर खूप बोलायला हवं होतं. केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं संकटात माणसं श्रद्धेचा आधार कसा घेतात याचा दीर्घकाळ अभ्यास केला. ‘देव माझ्या सोबत आहे’ ही एक तऱ्हा, आणि ‘देव मला शिक्षा करतोय, त्यानं मला टाकलंय’ ही दुसरी. दुसऱ्या तऱ्हेनं वाटणाऱ्यांची मनोवस्था अधिक बिकट आढळते. एकाच माणसाला सोमवारी पहिलं आणि शुक्रवारी दुसरं वाटू शकतं. म्हणून ‘माझी भक्ती कमी पडली का?’ असं कुणी लिहिलं, तर ‘नाही हो, भक्ती वाढवा’ हे उत्तर नव्हे. ‘असं कधीपासून वाटतंय? झोप लागते का? डॉक्टरांना सांगितलंत का?’ हे विचारा. आणि ‘देव बोलावतोय’, ‘आता त्याच्याकडेच जायचंय’ असं कुणी लिहिलं, तर गटात चर्चा करत बसू नका. त्या क्षणी फोन लावा, घरच्यांना उठवा, एकटं राहू देऊ नका. धोका समोर दिसत असेल तर ११२. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चोवीस तास मोफत चालू आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो गटाच्या माहितीत वरच लिहून ठेवा.

उपचाराबद्दलचा सल्ला ही तिसरी गोष्ट. ‘पारायण सुरू केलं आणि गोळ्या सुटल्या’ हे वाक्य ‘मी’नं सुरू झालं तरी ते दुसऱ्याच्या गोळ्या सोडवतं. अशा पोस्टखाली ॲडमिननं तिथल्या तिथे लिहावं, की गोळ्या कमी करायच्या, बंद करायच्या त्या डॉक्टरांशी बोलूनच. या एका बाबतीत भीड बाळगू नका.

त्या मुस्लिम ताईंना तुम्ही स्वतः फोन करा. गणपतीच्या शेजारी ईदचा फोटो टाकून ते भरून निघणार नाही. ‘तुम्ही का गेलात, तुम्हाला कसं वाटत होतं’ एवढं विचारा आणि त्या सांगतील ते ऐका. आणि ‘अंधश्रद्धा’ म्हणणाऱ्या दादांनाही फोन करा. एवढ्या त्वेषानं लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी घरांत उपचाराआधीची पाच-सात वर्षं मांत्रिकांच्या दारात गेलेली असतात, पैसा गेलेला असतो, मार खाल्लेला असतो. त्यांचाही अनुभव गटात यायला हवा, ‘मी’नं सुरू होऊन.

मी स्वतः संध्याकाळी देवापुढे दिवा लावते. पण गट चालवताना हे सांगत नाही. समुपदेशक किंवा ॲडमिन बोलला की त्याचा सल्ला होतो. तुम्हीही तुमची श्रद्धा त्या गटापुरती बाजूला ठेवा असं मी सुचवेन.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, आयटीत काम करतो. मला ओसीडी (नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यांपायी त्याच त्या कृती करत राहणं) आहे. आरतीच्या वेळी मनात देवाबद्दल अतिशय घाणेरडे विचार येतात. ते पुसायला मी मनात अकरा वेळा नाव घेतो, मध्ये चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. हल्ली देवघरासमोरून जायचंही टाळतो. गटात लिहिलं तेव्हा सगळ्यांनी प्रेमानं सांगितलं, ‘देव माफ करतो, नामस्मरण वाढव.’ तासभर बरं वाटलं, रात्री पुन्हा विचारावंसं वाटलं. आता गटात बोलूच नये का?
— पुणे

उत्तर : बोल, पण वेगळ्या पद्धतीनं. वयानं लहान आहेस म्हणून ‘तू’ म्हणते.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घे: हे विचार म्हणजे तुझी इच्छा नाही. ओसीडी माणसाला जे सगळ्यात जवळचं, तिथेच जाऊन बसतो. नुकतीच बाळंत झालेली आई बाळाला आपल्या हातून इजा होईल या विचारानं हादरते. श्रद्धाळू माणसाला देवाबद्दलचे विचार छळतात. नमाजी माणूस वुजू (नमाजाआधी हातपाय धुणं) पुन्हा पुन्हा करत राहतो, ख्रिस्ती माणूस तेच कन्फेशन (पापाची कबुली) पुन्हा पुन्हा देतो. धर्म वेगळे, आजाराची चाल तीच. ज्याला देवाचं काही वाटत नाही, त्याला हा विचार आला तरी तो विसरून जातो.

विचार येतो, भीती वाटते, अकरा वेळा नाव घेतोस, भीती उतरते. ती उतरते म्हणूनच पुढच्या वेळी पुन्हा नाव घ्यावं लागतं. गटातली ‘देव माफ करतो’ ही उत्तरंही तेच काम करतायत. खाज सुटल्यावर खाजवल्यासारखं आहे ते, घटकाभर सुख आणि मग दुप्पट आग. तासाभरानं पुन्हा विचारावंसं वाटलं, हे तुझं तुलाच दिसलंय. ती फार मोलाची नोंद आहे, तुझ्या थेरपिस्टला ती जशीच्या तशी सांग.

यावर ‘एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ नावाची उपचारपद्धती आहे. विचार येऊ द्यायचा, आरतीला उभं राहायचं, आणि मोजणी करायची नाही. सुरुवातीला अंगावर काटा येतो. थेरपिस्ट पायरी पायरीनं नेतो. सोबत औषधं लागू शकतात. ओसीडीत बहुधा नैराश्यापेक्षा जास्त डोस लागतो आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, म्हणून तिसऱ्या आठवड्यात निराश होऊन सोडू नकोस. या उपचारात कुणी तुला देव सोडायला सांगणार नाही. तुझ्या घरचे बाकीचे लोक जशी आरती करतात, साधी, कधी ओळ चुकवत, कधी मध्येच दूध उतू गेलं म्हणून स्वयंपाकघरात धावत, तशी तुला करता यावी, एवढंच तर हवंय. हवं तर घरच्या गुरुजींना एकदाच विचार, की किती वेळा नाव घेणं गरजेचं असतं. एकदाच. दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं तर तो आजार विचारतोय असं समज.

गटात असं लिही: ‘मला उत्तर नको, दिलासाही नको. आज आरतीला उभा राहिलो आणि मोजलं नाही, एवढं सांगायचंय.’ आणि गटातल्या बाकीच्यांना माझी विनंती, की त्यावर ‘देव माफ करतो’ लिहू नका. ‘वाचलं. सोबत आहोत’ एवढं पुष्कळ झालं.

प्रश्न : मुलगी २२ वर्षांची. देवी तिच्याशी बोलते असं म्हणते. डॉक्टरांनी सायकोसिस (खरं काय आणि भास काय यातला फरक कळेनासा होणारा आजार) सांगितलंय, गोळ्या सुरू आहेत. मी गटात लिहिल्यावर दोघांनी ‘भाग्यवान आहात’ म्हटलं, एकानं एका ठिकाणाचा पत्ता दिला, आणि चौघांनी ‘देवळात नेणं बंद करा’ म्हणून झापलं. माझी आई म्हणते, आपल्याकडे अंगात येतच होतं, यात आजार कसला? माझी बायको देवळात जाणं सोडायला तयार नाही. मी कुणाचं ऐकू?
— सोलापूर

उत्तर : भाऊ, गोळ्या चालू आहेत ना, मग अर्धी लढाई तुम्ही नीट लढताय.

तुमच्या आईंचं म्हणणं उडवून लावू नका, त्यांना फरक दाखवा. आरतीला, जत्रेत, हलगी वाजली की एखाद्या बाईच्या अंगात येतं. थोड्या वेळानं ती शांत होते, पाणी पिते, घरी जाऊन भाकऱ्या थापते. गावालाही ते ओळखीचं असतं. आजाराला वेळकाळ नसतो. मुलगी रात्र रात्र जागी असते का? जेवण सुटलंय का? आवाज तिला घाबरवतात, शिव्या देतात, काही करायला भाग पाडतात का? कॉलेज, मैत्रिणी सुटल्या का? डॉक्टर हे बघून निदान करतात, आवाज देवीचा आहे की शेजाऱ्याचा हे बघून नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ३ तर स्पष्ट सांगतं, की कुणी अमुक धर्माचा आहे किंवा आपल्या समाजातल्या धार्मिक समजुती पाळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

म्हणून ‘भाग्यवान’ म्हणणारे चुकले. त्यांनी एका घाबरलेल्या मुलीच्या आजाराला मखरात बसवलं. ‘देऊळ बंद’ म्हणणारेही घाईत बोलले. देवळात गर्दी, ढोल, झांजांनी ती अस्वस्थ होत असेल तर सध्या गर्दीची वेळ टाळा. दुपारी शांतपणे पाच मिनिटं जाऊन यायला काही हरकत नाही. तिच्याशी ‘देवी बोलत नाही’ असा वादही घालू नका आणि ‘काय म्हणाली देवी?’ असंही विचारू नका. ‘तुला भीती वाटत असेल ना, मी इथे आहे’ म्हणा.

त्या पत्त्यावर मात्र जाऊ नका, आणि ॲडमिनना सांगून तो गटातून काढायला लावा. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे लागलेल्या आगीत साखळदंडानं बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून गेले. घरच्यांनी त्यांना बरं व्हावं म्हणूनच दर्ग्याजवळच्या त्या खोपटांत ठेवलं होतं. आता २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ नं साखळीनं बांधायला बंदी आहे. आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तर भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा ठरवतो. तोच कायदा वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना हात लावत नाही. एवढा साधा भेद कायद्याला करता आला, तर गटालाही जमावा.

आणि दोन्ही एकत्र नांदू शकतात. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम आहे. मुजावर (दर्ग्याचे सेवक) दुआ करतात आणि रुग्णाला तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. तुमच्या पत्नींना हे सांगा. त्यांना देवी आणि डॉक्टर यांतलं एक निवडायला लावू नका. मग त्या स्वतःच मुलीला गोळी देतील, तीर्थासोबत दिली तरी चालेल.

प्रश्न : मला बायपोलर आहे. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू आहे, कित्येक वर्षं स्थिर आहे. नवरात्रात नऊ दिवस अळणी उपवास करायची इच्छा आहे. गटातली मैत्रीण म्हणते, देवीचं करताना काही बिघडत नाही. करू का?
— शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : अळणी नको. शरीरातलं मीठ आणि पाणी कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. निर्जळी एकादशीलाही हेच, रोज्यालाही हेच. लिथियम असं औषध आहे, की उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं असतं.

नवरात्राच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना विचारा, रक्तातली पातळी तपासून घ्या. त्यांनी परवानगी दिली तर एकवेळचा, नेहमीइतकं मीठ आणि भरपूर पाणी असलेला उपवास करा. उपवासानं डोकं दुखलं तर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, त्यांनीही लिथियम वाढतं. पॅरासिटामॉल चालतं. हातांची थरथर वाढली, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला, बोलताना जीभ अडखळू लागली, तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठा आणि लिथियमवर असल्याचं आधी सांगा.

जागरण तर उपवासापेक्षा धोक्याचं. बायपोलरमध्ये एका रात्रीची झोप गेली तरी मेनियाची (टोकाच्या उत्साहाच्या अवस्थेची) सुरुवात होऊ शकते. गोंधळ, भोंडला, सगळ्याला जा, पण दहाला घरी या. ओटी सकाळी भरा.

मैत्रिणीवर रागावू नका. तिला हे ठाऊक नसणार. डॉक्टरांशी बोलून जे ठरेल ते गटात लिहा. एकादशीला, श्रावणात, रमजानमध्ये हाच प्रश्न मनात घेऊन गप्प बसलेले आणखी कुणीतरी तिथे वाचत असतील.